किटची पेटी दारात येण्याआधी: लाकडी कायाकची तयारी

घरी जोडायच्या कायाकचं, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लांबट, अरुंद होडीचं किट मागवायच्या आधी त्या होडीत एकदा बसून या. सगळ्या तयारीतली ही पहिली गोष्ट, आणि नेमकी हीच लोक गाळतात, कारण फोटो फार देखणे असतात. अमेरिकेत लाकडी कायाकची किट बनवणाऱ्यांमध्ये मेरीलँडमधल्या ॲनापोलिसची चेसापीक लाइट क्राफ्ट हे ओळखीचं नाव. तिथवर जाणं जमत नसेल, तर तेच मॉडेल बांधलेल्या कुणाला तरी गाठा. स्वतः बांधलेली होडी दाखवायला माणूस सहसा नाही म्हणत नाही. बसताना पाण्यात वापरायचे बूट पायात असू द्या. बुटासकट पाऊल डेकखाली, म्हणजे होडीच्या वरच्या झाकणाखाली, मावतं का, गुडघे टेकतात का, बाहेर पडताना फार धडपड होते का, ते बघा. वजनाची मर्यादा वाचताना स्वतःच्या वजनात पाणी, डबा आणि लाइफ जॅकेटही धरा. 17 फुटी अरुंद कायाक सरळ रेषेत छान पळते, पण रविवारी तळ्यावर दोन तास वल्हवायचं असेल, तर माझं मत 14 फुटी रुंद होडीला.

किट मुख्यतः दोन जातींची असतात. एका प्रकारात सीडर लाकडाच्या बारीक पट्ट्या साच्यावर एकेक करून चिकटवत न्यायच्या. ती होडी दागिन्यासारखी दिसते, पण वेळ दुपटीतिपटीनं खाते. दुसऱ्या प्रकारात मशीननं कापून आलेले, बहुतेक 4 मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) तुकडे कडेला कड लावून तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांधे इपॉक्सीनं, म्हणजे दोन द्रव कालवून बनणाऱ्या घट्ट चिकट गोंदानं, भरायचे. पहिल्यांदाच बांधत असाल तर दुसरा प्रकारच घ्या. तुम्ही सुतार नसलात तरी बिघडत नाही. 1963 साली इंग्लंडमध्ये ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राच्या पाठबळानं आलेली मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी याच पद्धतीची होती, आणि ती आखलीच होती घरच्या घरी बांधण्यासाठी. अशा 70,000 च्या आसपास होड्या झाल्या. शिवलेली होडी आपल्याकडेही परकी नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं, काथ्याच्या दोरानं शिवलेलं ‘कौंडिण्य’ 2025 साली भारतीय नौदलात दाखल झालं. फरक एवढाच, की तिथं शिवण जहाजाला कायमची धरून ठेवते आणि इथं तार तात्पुरती. सांधे पक्के झाले की ती कापून काढायची. मग होडी उभी राहते ती इपॉक्सीवर. म्हणून तयारीचा मोठा हिस्सा लाकडाचा नसून इपॉक्सीचा आहे.

आधी जागा. होडीच्या चारही बाजूंनी वाकून काम करता येईल एवढी मोकळीक हवी. एका गाडीचं गराज साधारण 20 फूट लांब, त्यात 17 फुटी होडीच्या टोकाशी उभं राहायला कसरत करावी लागते. तळघरात बांधायचा विचार असेल, तर होडीच्या लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घेऊन तो जिन्याच्या वळणावरून बाहेर निघतो का ते आजच करून बघा. पाइप अडकला तर होडी अडकणारच. आणि गाडी काही महिने बाहेर उभी राहणार, हे घरात आधी बोलून ठेवा, विशेषतः बर्फाच्या दिवसांत.

मग हवामान. इपॉक्सीला साधारण 18 ते 25 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. आमच्या न्यू जर्सीत जानेवारीत गराजमध्ये ते मिळत नाही, जुलैत दमटपणा छळतो. त्यामुळे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा. थंडीतच करायचं ठरवलं तर इलेक्ट्रिक हीटर घ्या. धुराडं नसलेला गॅसचा हीटर नको. त्याच्या ज्वाळेतून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि वाळत्या इपॉक्सीवर मेणचट थर धरतो. तसा थर धरलाच तर घासण्याआधी साध्या पाण्यानं आणि भांडी घासायच्या स्क्रबरनं धुऊन काढायचा. धुतल्याशिवाय पॉलिश पेपर लावला, तर मेण सगळीकडे पसरतं आणि इपॉक्सीचा पुढचा हात नीट धरत नाही. इपॉक्सीचे दोन द्रव म्हणजे रेझिन आणि त्याला कडक करणारं हार्डनर. थंडीत ठेवलेल्या रेझिनमध्ये कधी पांढरे कण दिसतात. बाटली गरम पाण्यात ठेवली की ते विरघळतात, फेकून देऊ नका. लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात मात्र खोली गार होत असताना, म्हणजे हीटर बंद केल्यावर किंवा संध्याकाळी द्या. तापत्या लाकडातली हवा बाहेर येते आणि तिचे बुडबुडे इपॉक्सीत अडकतात.

रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं, कुठे 2:1, कुठे 5:1. अंदाजपंचे काम चालणार नाही. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातलं, तर ते मिश्रण कधीच नीट वाळत नाही. मोजायचे पंप किंवा छोटा वजनकाटा आणून ठेवा, आणि दीडदोनशे मिलिलिटरपेक्षा जास्त एका वेळी कालवू नका. खोलगट कपात ठेवलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. सांध्यात भरायला त्यातच लाकडाची बारीक भुकटी मिसळायची, चमच्यावरून गळणार नाही इतकी घट्ट.

खर्चात हात आखडू नये अशी एकच जागा: स्वतःची कातडी आणि फुप्फुसं. नायट्राइलचे हातमोजे खोक्यानं आणा. इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू साठत येते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. हाताला लागलंच तर ॲसिटोननं पुसू नका, ते कातडीत आणखी मुरतं. व्हिनेगरनं पुसून साबणानं धुवा. घासताना धुळीचा चांगला मास्क हवा, आणि अर्धवट वाळलेलं इपॉक्सी घासायचंच नाही.

हत्यारं थोडीच लागतात: ड्रिल, छोटा रंधा, पक्कड, तार कापायची कात्री, गोल फिरणारा सँडर, 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर. क्लॅम्प वाटतात त्यापेक्षा जास्त घ्या. होडी ठेवायला दोन घोड्या करा आणि त्यांवर जुना गालिचा बांधा.

पेटी आली की सगळे भाग यादीशी ताडून बघा, प्लाय सपाट आणि कोरड्या जागी आडवी ठेवा. जोडीजोडीचे तुकडे समोरासमोर मांडून आतली बाजू पेन्सिलीनं लिहून घ्या, नाहीतर दोन डाव्या बाजू तयार होतात. शिवून झालं की, सांधे भरण्याआधी, दोन सरळ पट्ट्या होडीच्या दोन टोकांजवळ आडव्या ठेवून एका डोळ्यानं बघा. पट्ट्या समांतर दिसेपर्यंत तारा सैल-घट्ट करत राहा. पीळ पडला असेल तर तो इथंच निघतो, इपॉक्सी भरल्यावर नाही.

होडीवर इपॉक्सीत भिजवून चढवायचं फायबरग्लासचं (काचेच्या धाग्यांचं) कापड पसरायच्या दिवशी एक माणूस मदतीला हवाच: एकानं कालवायचं, दुसऱ्यानं पसरवायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

साध्या किटला 80 ते 100 तास सांगतात. त्यातले बरेचसे घासण्यात जातात, आणि वाळण्याची वाट बघायची ती वेगळीच. शेवटच्या वॉर्निशचं सामान आधीच आणा, आणि ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारं असू द्या, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून कमजोर होतं. गाडीवरचा रॅक, वल्हं, शिट्टी आणि लाइफ जॅकेट याच बजेटमध्ये धरा. अमेरिकेच्या कोस्ट गार्डच्या नियमानं कायाकमध्ये माणशी एक लाइफ जॅकेट लागतंच, आणि चांगलं वल्हं स्वस्तात येत नाही.