जमिनीखालची गळती थर्मल कॅमेऱ्यानं सापडली

वरुडकडच्या आमच्या संत्र्याच्या वावरात मोटर सुरू असूनही शेवटच्या ओळींना ठिबकचं पाणी पोचत नव्हतं. फिल्टर साफ, व्हॉल्व्ह ठीक. म्हणजे गळती पुरलेल्या मेन लाइनमध्येच. भारी काळी जमीन भेगांतून पाणी पिऊन टाकते, वर ओल येतच नाही. अख्खी लाइन उकरायची तर झाडांच्या मुळ्या तुटतात, ते मला नको होतं.

पुतण्यानं मोबाइलला लागणारा थर्मल कॅमेरा आणला. हा कॅमेरा मातीच्या आरपार बघत नाही, हे आधी समजून घ्या. पृष्ठभागातून निघणारे साधारण ८ ते १४ मायक्रॉनचे इन्फ्रारेड किरण तो टिपतो, म्हणजे फक्त वरचं तापमान. ओली माती कोरडीपेक्षा हळू तापते आणि हळूच निवते. त्या फरकावरून खालचं ओळखायचं.

त्यामुळे वेळ साधणं सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी झाडांच्या सावल्या घोळ घालतात. दिवस मावळतीच्या सुमारास ओलं-कोरडं काही वेळ सारखंच दिसतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, अंधार होऊन दोन-तीन तास झालेले, अशा वेळी लाइनवरचं गवत काढून आम्ही धुऱ्याकडून चालत गेलो. एका जागी पडद्यावर आजूबाजूपेक्षा उजळ, म्हणजे जास्त उबदार, लांबट डाग दिसला. तिथे खुंटी ठोकली.

सकाळी सब्बलनं जपून खोदलं. कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा, चिरलेला, भोवती चिखल. तेवढा तुकडा कापून, पाइप कोरडा पुसून सॉल्व्हेंटनं (पाइप चिकटवायच्या द्रावणानं) नवा कपलर बसवला. चर बुजवण्याआधी मोटर लावून जोड नक्की पाहा.