बाळंतपणातले टाके : या चुका टाळा

पहिल्या नॉर्मल डिलिव्हरीत दहापैकी नऊ जणींपर्यंत बायकांना योनीमार्गाजवळ चीर पडते, खरचटतं किंवा डॉक्टरांना तिथे छेद द्यावा लागतो. त्यामुळे ‘माझंच काहीतरी चुकलं’ हे आधी डोक्यातून काढा.

चूक होते ती पुढे. सगळे विचारतात, “टाके किती पडले?” आकड्याला फारसा अर्थ नाही, चीर किती खोल गेली ते विचारा. पहिल्या श्रेणीत फक्त त्वचा फाटते, दुसऱ्या श्रेणीत स्नायूही. तिसऱ्या श्रेणीची चीर गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूपर्यंत जाते आणि चौथीत आतलं अस्तरही फाटतं. श्रेणी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

या आवळणाऱ्या स्नायूची जखम नजरेतून सुटते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींची सोनोग्राफी केली, तेव्हा सुमारे ३५ टक्के जणींच्या या स्नायूत दोष दिसला. बहुतेकींच्या बाबतीत प्रसूतीच्या वेळी तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. पुढे कळलं, की नीट तपासलं तर यातल्या बऱ्याच जखमा जागीच सापडतात. म्हणून टाके घालण्याआधी आणि नंतर गुदद्वारात बोट घालून तपासतात. अवघडल्यासारखं होतं खरं, पण ही तपासणी नाकारू नका.

‘आधीच कापलं की फाटत नाही’ हा जुना समज. सरसकट छेद देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. गरजच पडली, तर बाळाचं डोकं दिसून त्वचा ताणलेली असताना, मधल्या रेषेपासून ६० अंश तिरका छेद देतात. ताण सुटला की तोच कोन कमी होतो. म्हणजे सुरुवातीलाच कमी तिरका कापला, तर छेद गुदद्वाराकडे सरकलाच.

घरी आल्यावर टाके उसवतील या भीतीनं शौच दाबून धरू नका. घट्ट मलानंच जास्त त्रास होतो. पाणी भरपूर प्या, मल मऊ करणारं औषध दिलं असेल तर बंद करू नका, आणि जोर येताना स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकेच दाबून धरा. लघवीला जळजळलं तर त्याच वेळी कोमट पाणी ओता. पुसताना पुढून मागे, टिपून घ्या, घासू नका. वाढतं दुखणं, घाण वास, पू, ताप किंवा टाके उघडले, तर लगेच दाखवा.

या स्नायूच्या जखमेनंतर वायू नकळत सुटणं, शौचाला धावावं लागणं असं होऊ शकतं. त्याबद्दल लाजेपोटी वर्षानुवर्षं गप्प बसणाऱ्या खूप जणी असतात. यावर फिजिओथेरपी आहे, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही. आणि तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची चीर पडली असेल, तर पुढच्या गरोदरपणात पहिल्याच भेटीत ते डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांच्या हातात द्या.