मोंगोडीबीत बल्क राइट: तीच फाइल दोनदा चालली तरी साठा बिघडू नये म्हणून

मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये लूप फिरवून एकेक डॉक्युमेंट (म्हणजे एक नोंद) लिहिलं की दर ओळीमागे सर्व्हरची एक फेरी होते. बल्क राइटने, म्हणजे अनेक ऑपरेशन्सची यादी एकदम पाठवून, त्या फेऱ्या वाचतात, बस. ‘सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही’ अशी हमी त्यात नाही. प्रत्येक डॉक्युमेंटपुरतं लिखाण अखंड असतं, पूर्ण यादीपुरतं नाही. उदाहरणं पायथॉन आणि पायमोंगोची (पायथॉनमधून मोंगोडीबीशी बोलणारा ड्रायव्हर) देतोय.

१. ज्या फील्डवरून डॉक्युमेंट शोधणार, त्यावर इंडेक्स हवा. मालाच्या कोडवर युनिक इंडेक्सच टाका, म्हणजे तोच कोड दोनदा येऊ शकत नाही.

२. हजार-हजारांचे गठ्ठे करा. एका बॅचची १,००,००० ऑपरेशन्सची मर्यादा ड्रायव्हर स्वतः सांभाळतो, पण तोवर अख्खी यादी तुमच्या रॅममध्ये बसते. रिकामी यादी दिली तर पायमोंगो एरर फेकतं.

३. आता खरं दुखणं: मध्येच काही फसलं तर?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका भुसार व्यापाऱ्याच्या साठ्याचं काम मी करत होतो. रोजच्या आवकेची फाइल यायची. नवीन मालासाठी नवी नोंद घालणारं ‘इन्सर्टवन’, जुन्यासाठी ‘इन्क’ने पोती वाढवायची, सगळं एकाच यादीत. एके दिवशी फाइलमध्ये एक नवा कोड दोनदा आला आणि ११००० नंबरची डुप्लिकेट की एरर आली. यादी क्रमाने चालवायची की नाही हे ठरवणारं ‘ऑर्डर्ड’ मुळात ट्रू असतं, त्यामुळे पहिल्या चुकीलाच गाडी थांबली. वरच्या ओळी लिहून झालेल्या, खालच्या तशाच. नेटवरचा लाडका सल्ला आठवला: ऑर्डर्ड फॉल्स करा, एरर आली तरी काम पुढे जातं. केलं, आणि फाइल पहिल्यापासून चालवली. एरर शेवटी आलीच, पण सगळ्या ११०००च्या दिसल्या म्हणून सोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींचा फोन. “अहो साहेब, गोदामात तूरडाळीची चाळीस पोती आहेत. तुमचा कॉम्प्युटर ऐंशी म्हणतोय. उरलेली चाळीस तुमच्या घरी पाठवलीत का?”

पहिल्या वेळी लिहून झालेल्या ओळींचं ‘इन्क’ दुसऱ्यांदा चाललं होतं. ऑर्डर्ड फॉल्स वाईट नाही, मी स्वतः तेच वापरतो. पण ऑपरेशन दोनदा चाललं तरी निकाल तोच राहील, याची सोय न करता ते लावणं म्हणजे आगीवर चादर टाकणं. शिवाय त्यात क्रमाची हमी नसते. म्हणून एकाऐवजी दोन बल्क करा.

पहिला नव्या मालाचा. इन्सर्टवन नको, ‘अपडेटवन’ला अपसर्ट (नोंद नसेल तर नवी घाल) लावा आणि सुरुवातीचे आकडे ‘सेटऑनइन्सर्ट’मध्ये ठेवा, ते फक्त नवी नोंद घालतानाच लिहिले जातात. माल आधीच असेल तर त्याला धक्का लागत नाही.

दुसरा आवकेचा. एकूण साठ्याचा आकडाच मिळत असेल तर ‘सेट’ वापरा आणि सुटा. वाढच मिळत असेल तर फिल्टरमध्ये (डॉक्युमेंट शोधायच्या अटीत) कोडबरोबर ‘ही पावती अजून नोंदलेली नाही’ अशी ‘एनई’ची (नॉट इक्वल) अट घाला, आणि त्याच अपडेटमध्ये इन्कसोबत पावती क्रमांक डॉक्युमेंटमधल्या पावत्यांच्या यादीत ‘पुश’ करा. पुन्हा चाललं तर फिल्टरला काही सापडत नाही, पोती वाढत नाहीत. इथे अपसर्ट चुकूनही लावू नका: फिल्टर जुळला नाही की ते नवं डॉक्युमेंट घालायला धावेल आणि युनिक इंडेक्सवर आपटेल. एकाच पावतीत तोच माल दोन ओळींत असेल तर आधी पायथॉनमध्ये बेरीज करा, नाहीतर दुसरी ओळ गुपचूप गळेल. पावत्यांची यादी फुगू नये म्हणून पुशला ‘स्लाइस’ जोडून शेवटच्या दोनशे ठेवा. डॉक्युमेंटची मर्यादा १६ एमबी आहे.

“मग ट्रान्झॅक्शनच (सगळं किंवा काहीच नाही) घाला की,” असं कोणी ना कोणी म्हणतंच. त्याला रेप्लिका सेट (त्याच डेटाच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) किंवा शार्डेड क्लस्टर (डेटा वाटून ठेवणारे सर्व्हर) लागतो, मुळात वेळेची मर्यादा ६० सेकंदांची, आणि यशस्वी झालेली फाइल कोणी पुन्हा चालवली तर पोती तरीही दुप्पट. रोजच्या आवकेसाठी मी ते वापरत नाही.

४. ‘बल्कराइटएरर’ पकडून ‘डिटेल्स’मधले ‘राइटएरर्स’ वाचा. प्रत्येकात तुमच्या यादीतली जागा आणि एररचा कोड असतो. तेवढ्याच ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा. एरर गुपचूप गिळणारा कोरा ‘एक्सेप्ट: पास’ लिहिणाऱ्याला मी डेटाबेसचा पासवर्ड देत नाही.

५. कलेक्शनची प्रत घ्या, तीच फाइल दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी दोन्ही बल्कमध्ये ‘मॉडिफाइड’ शून्य यायला हवं. एक जरी आलं, तर आधी ते कुठून आलं ते शोधा. लाइव्ह डेटाबेस तोवर थांबेल.