एसीचा फिल्टर निवडताना या चुका टाळा : नागपूरच्या धुळीत शिकलेले धडे

गेल्या मे महिन्यात आमच्या हॉलमधला एसी भिंतीवर पाणी गाळू लागला. मेकॅनिक आला, आउटडोअरच्या पाइपला हात लावला आणि म्हणाला, "गॅस संपला." गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं नाही, इनडोअरचं झाकण उघडलं नाही. गॅस भरला, पैसे घेतले, गेला. चौथ्या दिवशी भिंत पुन्हा ओली. मग मीच स्टुलावर चढून झाकण वर केलं, तर जाळीवर धुळीची अशी जाड गोधडी, की मागचा कॉइल, म्हणजे हवा गार करणारा नळ्यांचा भाग, दिसेना. बेसिनखाली जाळी धुतली, तासभर एसी नुसता पंख्यावर चालवला. पाणी थांबलं ते थांबलंच.

फिल्टर निवडण्याचा विषय या प्रसंगापासून सुरू करण्याचं कारण म्हणजे आपल्याकडे पहिली चूक निवडीच्याही आधी होते. फिल्टर कशासाठी आहे, हेच आपल्याला माहीत नसतं.

जाळी मशीनसाठी आहे, तुमच्या फुप्फुसांसाठी नाही

स्प्लिट एसीतली ती प्लास्टिकची बारीक जाळी कॉइलवर धूळ बसू नये म्हणून असते. तिच्यात केस, सुतळीचे धागे, पडद्याचे तंतू, रस्त्याची जाड धूळ अडकते. एप्रिल-मे महिन्यात काटेसावरीची बोंडं फुटली, की खिडकीतून येणारा तो तरंगता कापूसही तिथेच येऊन बसतो. पण कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांकडून येणारी बारीक राख, वाहनांचा धूर, कचरा जाळल्याचा धूर यांचे कण 2.5 मायक्रॉनपेक्षाही लहान असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. जाळीच्या भोकांतून हे कण असे निघतात, जसं नागपूरच्या व्हरायटी चौकासारख्या मोठ्या चौकातून मुंगीनं जावं.

जाळी तुंबली की कॉइलवरून हवा कमी जाते. कॉइल प्रमाणाबाहेर गार होतो, त्यावर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पाणी ट्रेबाहेर पडतं. गॅस कमी असला तरी नेमकं हेच होतं, म्हणून दोन्ही दुखण्यांची गफलत होते. एसीतला गॅस बंद चक्रात फिरतो, पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. तेव्हा "गॅस संपला" ऐकलं, की आधी जाळी धुवा, ती वाळवून पुन्हा बसवा, एसी 15-20 मिनिटं चालवा. आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक येत असेल, तर गॅसचं नावही काढू नका. साध्या थर्मामीटरनं हे मोजता येतं.

नागपुरात ही चूक जास्त महागात पडते. एसीची ठरावीक क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते, आणि आपण नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याला 45 च्या पुढे राबवतो. 23 मे 2013 ला तर इथे 47.9 अंशांची नोंद झाली आहे. एवढ्या उन्हात मशीनची ताकद आधीच घटलेली असते, त्यात तोंडावर गोधडी बांधली तर बिचारं करील काय?

"हेपा शीट" कापून चिकटवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती समजूतदार माणसं करतात. दिवाळीनंतर हवा जड झाली, की ऑनलाइन पांढऱ्या जाड शीटचा रोल मागवतात, कात्रीनं कापून जाळीवर चिकटवतात आणि "आता घरात एअर प्युरिफायर" म्हणून निश्चिंत होतात.

खरा हेपा फिल्टर म्हणजे 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवणारा, कडेनं हवा निसटू नये म्हणून चारी बाजूंनी घट्ट बसवलेला फिल्टर. त्यातून हवा ढकलायला ताकदीचा पंखा लागतो. स्प्लिट एसीचा लांब नळकांड्यासारखा ब्लोअर त्या दाबासाठी बनवलेलाच नसतो. शीट खरोखर चांगली असेल तर हवा अडेल आणि वर सांगितलेलं बर्फाचं नाटक सुरू होईल. स्वस्तातली असेल तर हवा जाईल, पण बारीक कणही जातील. शिवाय कडेच्या फटीतून जे जाईल ते वेगळंच.

एसीसोबत कंपनीची जी लहान पट्टी येते, कार्बनची किंवा "पीएम 2.5" लिहिलेली, ती जाळीच्या थोड्याशाच भागावर बसते. मदत करते, पण एका फेरीत हवेचा थोडाच हिस्सा तिच्यातून जातो. घ्यायचीच असेल तर आपल्या मॉडेलच्या क्रमांकाप्रमाणेच घ्या. आणि कार्बनची पट्टी धुऊ नका. कार्बन वास शोषतो, पण एकदा भरला की नळाखाली धरून तो रिकामा होत नाही. फेकून नवीच लावावी लागते.

दमेकरी आजी किंवा लहान बाळ घरात असेल तर एसीच्या नादी न लागता वेगळा प्युरिफायर घ्या. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. ती तासात पाच वेळा गाळली जावी असं वाटत असेल, तर बॉक्सवर सीएडीआर, म्हणजे प्युरिफायर तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा, ताशी 170 घनमीटरच्या आसपास असायला हवा. दुकानदार खोलीचे चौरस फूट सांगतो, तुम्ही सीएडीआर विचारा.

कूलर आणि एसी एकाच खोलीत

हा खास आपला विदर्भी प्रताप. दिवसभर कूलर, आणि रात्री खोली लवकर गार व्हावी म्हणून दोन्ही सोबत. कूलर हवेत ओल घालतो, एसी ती ओल काढण्यात वीज घालवतो. वर कूलरसाठी खिडकी उघडी हवी, म्हणजे सिमेंट रोडच्या खोदकामाची धूळ थेट आत. ओल आणि धूळ मिळून जाळीवर चक्क चिखल होतो, आणि तो ब्रशनं निघत नाही, भिजत घालावा लागतो. कूलर बंद करून खिडकी लावली, की मग एसी सुरू करायचा, एवढा साधा क्रम आहे. पण आमच्या घरात तो पाळून घ्यायला दोन उन्हाळे लागले!

धुण्या-वाळवण्यातल्या चुका

जाळी गच्चीवर उन्हात टाकायची नाही. आपल्या उन्हात कुरड्या छान वाळतात, प्लास्टिकची चौकट मात्र वाकते. मग ती खाचेत नीट बसत नाही आणि धूळ कडेनं आत शिरते. साधं पाणी, हवं तर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पाण्याची धार मळलेल्या बाजूच्या उलट्या बाजूनं, आणि सावलीत वाळवण. ओली जाळी लावून एसी सुरू करायचा नाही. उन्हाळ्यात दर 15 दिवसांनी, आणि दाराशी रस्त्याचं काम चालू असेल तर आठवड्यानं धुवा. मी दुसरा जोड विकत घेऊन ठेवला आहे, त्यामुळे वाळायची घाई राहत नाही.

एसीवर लागणाऱ्या "फिल्टर साफ करा"च्या दिव्यावर विसंबू नका. कित्येक मॉडेलांत तो फक्त चाललेले तास मोजतो, धूळ बघत नाही. यंत्राच्या आकड्याचं काय, मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आणि तो सेन्सरचा दोष होता असं हवामान खात्याला सांगावं लागलं.

डक्टवाला एसी असेल तर

बंगल्यात छतातून डक्ट, म्हणजे गार हवा खोल्यांत नेणारा मोठा नळ, असेल तर चित्र पालटतं, कारण तिथे फिल्टर खरोखर निवडता येतो. फिल्टर किती बारीक कण अडवतो, याचं मर्व्ह नावाचं 1 ते 16 चं माप असतं. मर्व्ह 8 मशीन आणि जाड धुळीसाठी पुरतो. मर्व्ह 13 हा 0.3 ते 1 मायक्रॉनचे निदान निम्मे कण पकडतो, पण हवेला अडथळाही जास्त करतो. म्हणून "सगळ्यात मोठा आकडा द्या" म्हणू नका. तुमचं युनिट किती स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवेला होणारा अडथळा, सोसतं, ते बसवणाऱ्याला विचारा. जागा असेल तर एक इंचाऐवजी दोन इंच जाडीचा घडीचा फिल्टर घ्या. कागद जास्त, म्हणून अडथळा कमी. फ्रेमवर छापलेलं माप आणि खरं माप यांत अर्धा इंचापर्यंत फरक असतो, तेव्हा जुनी फ्रेम टेपनं मोजून मगच मागवा. फ्रेमवरचा बाण हवा जाते त्या दिशेला, म्हणजे ब्लोअरकडे असावा.

फिल्टर स्वच्छ, तरी तक्रार कायम?

पावसाळ्यात कुबट वास येत असेल तर दोष बहुधा जाळीचा नाही, ओल्या कॉइलचा आणि ट्रेचा असतो. एसी बंद करण्याआधी 15 मिनिटं नुसता पंखा चालवून पाहा. वास गेला नाही तर आतली धुलाई करून घ्या. फवाऱ्याचा सुगंध मारून उपयोग नाही.

गारवाच कमी असेल तर गच्चीवर जाऊन आउटडोअरच्या मागच्या पातळ पात्या बघा. त्याला फिल्टर नसतो, सगळी धूळ थेट पात्यांवर. आमच्याकडे त्यात कबुतराच्या काड्या आणि काटेसावरीचा कापूस इतका निघाला, की आईनं विचारलं, "उशी भरू काय याची?"