कपाटाचे दार लागेना तेव्हा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत कपाटाचे दार काही केल्या लागेना, तेव्हा मी सर्व कपडे पलंगावर काढून मोजले: ४३ कुर्ते, २६ साड्या आणि ओटीत आलेले, कधीच न शिवलेले १९ ब्लाउजपीस. एका कुर्त्याच्या बगलेत किमतीची चिठ्ठी अजून तशीच लटकत होती. त्या दिवसापासून घातलेला कुर्ता इस्त्री होऊन आला की मी त्याचा हँगर उलट्या तोंडाने अडकवू लागले. ६ महिन्यांनी पाहिले तर केवळ १५ हँगर उलटे झाले होते, म्हणजे उरलेल्यांना माझा हातही लागला नव्हता. मऊ पडलेल्या सुती साड्या गोधडीसाठी आईकडे गेल्या, तर काही कपडे बोहारणीने नेऊन बदल्यात स्टीलचा डबा दिला (कपाट रिकामे करताना स्वयंपाकघर भरले, हे खरे). जरीच्या साड्या मात्र मी ठेवल्या. त्या मलमलीत गुंडाळते आणि घडीवर जर तुटू नये म्हणून अधूनमधून घडी मोडते. खरेदीचा मोह मुख्यतः मोबाईलवरील सवलतीच्या सूचनांमुळे होतो, हे उमगल्यावर त्या बंद केल्या. आता लक्ष्मी रस्त्यावर काही आवडलेच, तर ८ दिवस थांबते. बहुतेकदा तोवर त्याचा रंगही आठवत नाही.