लिव्हर रायफलीच्या प्रतिकृती: काडतूस निवडावं कसं, बार काढावा कसा

विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या १८६६ आणि १८७३ सालच्या, दस्त्याजवळची लिव्हर पुढे-मागे करून काडतूस भरायच्या रायफलींच्या प्रतिकृती इटलीतली उबर्टी कंपनी बनवते. अमेरिकेतल्या काउबॉय नेमबाजीच्या स्पर्धांत त्या हमखास दिसतात. रेंजवर नव्याने येणाऱ्याला मी आधी नळीवर कोणत्या काडतुसाचं नाव कोरलंय ते वाचायला लावतो. काडतुसांचं खोकं त्यानंतर उघडायचं.

.३८ स्पेशल कोरलं असेल, तर .३५७ मॅग्नम घालू नका. स्पेशलचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), मॅग्नमचा ३५,०००. १८६६ आणि १८७३ या दोन्हींत गुडघ्यासारखे दुमडणारे दुवे बोल्ट (काडतुसामागचा, चेंबर बंद करणारा भाग) अडवून धरतात, ती रचना फार ताकदीची नाही. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने आखलेली १८९२ची रायफल दोन उभ्या खुंट्यांवर कुलूपबंद होते, म्हणून ती बरीच दणकट. .४५ कोल्टची जास्त दाबाची काडतुसं मिळतात, ती १८७३ला कधीच नकोत.

आता गोळीचं टोक बघा. या रायफलींत काडतुसं नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये एकामागे एक आडवी असतात. दोन काडतुसं टेबलावर तशीच ठेवून पाहा: मागच्या गोळीचं नाक थेट पुढच्याच्या बुडातल्या प्रायमरला (आघाताने पेट घेऊन बार उडवणाऱ्या टोपीला) टेकतं. नाक टोकदार असेल, तर धक्क्याने मॅगझिनमध्येच बार उडू शकतो. म्हणून चपट्या नाकाचीच गोळी घ्या. १८७३साठी काडतुसाची लांबीही तपासा. ते वर उचलणारा ठोकळा जेमतेम काडतुसाएवढाच असतो. काडतूस जास्त लांब असलं तर ठोकळा अडकतो, फार आखूड असलं तर पुढचं काडतूस आत डोकावतं आणि मग लिव्हर हलत नाही.

पोलादी लक्ष्यावर मारायचं असेल तर साधी शिशाची गोळी. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीचे तुकडे उलटे अंगावर येतात. काउबॉय स्पर्धांत रायफलीच्या गोळीला सेकंदाला १४०० फुटांची वेगमर्यादाही आहे.

चष्मा आणि कानावर इअरमफ चढवा. नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून उजव्या बाजूच्या झडपेतून काडतुसं एकेक आत ढकला. लिव्हर बिचकत ओढू नका, पार शेवटपर्यंत पुढे ढकला आणि तशीच ठामपणे दस्त्यापर्यंत मागे आणा. तोवर बोट चापाबाहेर. १८७३ची लिव्हर दस्त्याला घट्ट दाबलेली नसेल तर चाप हलतच नाही.

बार उडाला नाही, तर रायफल तशीच लक्ष्याकडे रोखून ३० सेकंद थांबा. नेहमीच्या दणक्याऐवजी नुसतं ‘फुस्’ झालं, तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सुटली तर नळी फाटते. रायफल रिकामी करून नळीत सळई घालून बघा, मगच पुढचा बार.

शेवटी काडतुसं बाहेर पडायची थांबेपर्यंत लिव्हर फिरवा. मग चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या, काडतूस बसायच्या जागेत) डोकावा, आणि करंगळी आत घालूनही चाचपा.