मशिदीतील वजूच्या पाण्याची बचत कशी करावी

पैगंबर एका मुद्द पाण्यात वजू (नमाजापूर्वी तोंड, हात, पाय धुणे) आणि एक साअ (चार मुद्द) ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल (पूर्ण स्नान) करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) आहे. मुद्द म्हणजे, हिशेबातले मतभेद धरूनही, साधारण अर्धा ते एक लिटर. त्यामुळे पाणी जपणे ही आजची नवी टूम आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर विश्वस्तांना वाद घालत बसण्याची गरज नाही.

आरंभ मोजणीने करावा. एक लिटरचे माप नळाखाली धरून ते किती सेकंदांत भरते ते पाहावे. दहा सेकंदांत भरले, तर नळ मिनिटाला सहा लिटर पाणी सोडतो आणि दीड मिनिटाच्या वजूत नऊ लिटर जातात. मग जुम्याच्या (शुक्रवारच्या) दिवशी वजूखान्याच्या कोपऱ्यात उभे राहून थोडे निरीक्षण करावे. गुळण्या करताना, बोटांच्या बेचक्या चोळताना आणि डोक्याचा मसह (ओला हात फिरवणे) करताना नळ तसाच वाहत असतो. मसहला तर केवळ ओला हात लागतो. बहुतेक नासाडी इथेच होते.

लगेच नवे नळ विकत घेऊ नयेत. नळांच्या ओळीला पाणी देणाऱ्या मुख्य पाइपवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पुन्हा माप धरावे. धार करंगळीएवढी राहिली तरी वजू नीट होतो. दाबून सोडायचे नळ दिसायला छान असतात, पण गर्दीच्या मशिदीत ते लवकर बिघडतात, म्हणून माझे मत व्हॉल्व्हच्याच बाजूने आहे. ज्येष्ठांसाठी दोन-चार तोटीचे लोटे भरून ठेवावेत. धुवायचा प्रत्येक अवयव तीनदा धुणे सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे आणि त्याहून अधिक धुणे मकरूह (नापसंत), हे इमामसाहेबांनी शुक्रवारच्या खुतब्यापूर्वीच्या बयानात (प्रवचनात) सांगितले, तर भिंतीवरच्या पाटीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

वापरलेल्या पाण्याविषयी मात्र काटेकोर असावे. हनफी आणि शाफिई (कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफिई आहेत) या दोन्ही धर्मशास्त्रीय मतांनुसार वजूत वापरलेले पाणी स्वतः पाक (शुद्ध) असते, परंतु त्याने पुन्हा वजू करता येत नाही. मुंबईच्या जामा मशिदीतल्यासारख्या मोठ्या हौदाचा नियम वेगळा आहे: हनफी मतानुसार दहा हात लांब व दहा हात रुंद हौदातले पाणी वजूने बाद होत नाही. नळांखालचे पाणी झाडांना किंवा शौचालयाच्या फ्लशला वापरावे. वजूत साबण नसल्याने ते गाळायला सोपे जाते. पन्हाळीच्या तोंडाला केस अडवणारी जाळी आणि पुढे माती बसण्यासाठी एक लहान टाकी पुरते. इस्तिंजाचे (शौच-लघवीनंतरच्या धुण्याचे) सांडपाणी या वाहिनीत कुठेही मिसळता कामा नये, म्हणून जुने बांधकाम असेल तर गवंड्याकडून दोन्ही गटारांचा माग आधी काढून घ्यावा. साठवलेले पाणी दिवसाच्या आत संपवावे, अन्यथा त्याला वास येतो.

छतावरच्या पावसाचा हिशेब सोपा आहे: 100 चौरस मीटर गच्चीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, की 1000 लिटर पाणी उतरते. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी सोडून द्यावे आणि नंतरचे टाकीत घ्यावे. हे पाणी वापरलेले नसल्यामुळे वजूलाही चालते. नळांचे माप पुन्हा एकदा रमजानच्या आदल्या आठवड्यात घ्यावे, कारण तरावीहच्या (रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजाच्या) दिवसांत वजूखान्यातली गर्दी वाढते आणि आवळलेला व्हॉल्व्ह तोवर कोणीतरी सैल केलेला असतो.